पोहणाऱ्या लवचीक शरीरावरचे बल: आकडा कोणत्या हिशेबातला आहे?

आपला प्रश्न मी जसा समजलो तसा आधी मांडतो. आपण ईल या सापासारख्या लांब माशासारखे लवचीक शरीर संगणकावरच्या द्विमितीय प्रवाहात मोकळे सोडले आहे. त्याची घनता पाण्याइतकीच आहे, मध्यरेषेवरून धावणारी लाट आपण ठरवून दिली आहे आणि शरीराखाली येणाऱ्या ग्रिडच्या, म्हणजे गणनेच्या जाळ्याच्या, प्रत्येक पेशीवर दर टाइम स्टेपला, म्हणजे काळाच्या प्रत्येक छोट्या टप्प्याला, बल लादून तेथील वेग शरीराच्या वेगाइतका केला आहे. या लादलेल्या बलाची बेरीज प्रत्येक क्षणी जवळपास शून्य येते. उलट पृष्ठभागावर दाब आणि घर्षण यांचे समाकलन केले तर बल हेलकावे खाते, त्यावर काट्यांसारखा गोंगाट दिसतो आणि टाइम स्टेप अर्धी केली की तो गोंगाट वाढतो. कार्यक्षमता काढण्यासाठी आपल्याला रेटा आणि ओढ, म्हणजे थ्रस्ट आणि ड्रॅग, वेगवेगळे हवे आहेत. या दोन आकड्यांपैकी खरा कोणता, असे आपण विचारता.

गोंगाट क्षणभर बाजूला ठेवला तर दोन्ही खरे आहेत. ते दोन वेगवेगळ्या हिशेबांतले आकडे आहेत आणि त्यांना एकाच नावाने हाक मारल्यामुळे घोटाळा होतो. या क्षेत्रातले बरेचसे मतभेद मी याच कारणाने झालेले पाहिले आहेत.

इमर्स्ड बाउंडरी पद्धतींचा उगम चार्ल्स पेस्किन यांच्या १९७२ च्या हृदयाच्या झडपांवरील कामात आहे. या पद्धतींमध्ये ग्रिड शरीराच्या आकाराला जुळवून घेत नाही, शरीर ग्रिडवरून सरकत जाते. त्यामुळे शरीराच्या आतही पाण्याचीच समीकरणे सोडवली जातात आणि तेथे एक काल्पनिक पाणी असते. शरीराच्या पृष्ठभागाने वेढलेल्या या भागाचा संवेग कशाने बदलतो? बाहेरचे पाणी पृष्ठभागावर जे बल लावते त्याने, आणि आपण आत जे बल लादतो त्याने. म्हणजेच पृष्ठभागावरचे खरे द्रवबल हे आतल्या पाण्याच्या संवेगाच्या बदलाच्या दरातून लादलेल्या बलाची बेरीज वजा केल्यावर मिळते. नुसती लादलेल्या बलाची बेरीज, चिन्ह उलटे करून, द्रवबल म्हणून वापरली की आतल्या पाण्याच्या त्वरणाचा हिस्सा गळतो. स्थिर सिलिंडरसाठी हा हिस्सा शून्य असतो, म्हणून स्थिर वस्तूंवर तपासलेले कोड निर्दोष वाटते आणि शरीर हलू लागताच चुकते.

आता आपली स्थिती पाहा. शरीराची घनता पाण्याइतकी आणि सर्वत्र सारखी, आतल्या प्रत्येक पेशीचा वेग शरीराच्या वेगाइतका, आणि शरीर पूर्ण मोकळे. अशा वेळी आतल्या काल्पनिक पाण्याचा संवेग आणि खऱ्या शरीराचा संवेग एकच असतात. न्यूटनच्या नियमाप्रमाणे शरीराचा संवेग केवळ पृष्ठभागावरच्या द्रवबलाने बदलतो. मग लादलेल्या बलाच्या वाट्याला काहीच उरत नाही: त्याची बेरीज सरासरीनेच नव्हे तर प्रत्येक क्षणी शून्य असली पाहिजे, आणि त्याच्या आघूर्णाचीही, म्हणजे फिरवणाऱ्या परिणामाचीही. अनुप शिरगावकर, माल्कम मॅकआयव्हर आणि नीलेश पाटणकर यांनी २००९ मध्ये मांडलेली स्वयंचलित पोहण्याची जलद पद्धत याच अटीवर उभी आहे. लादलेल्या बलाची बेरीज शून्य ठेवूनच ते शरीराचा रेषीय आणि कोनीय वेग शोधतात. तेव्हा आपल्याला दिसलेले ‘शून्य’ हा आपल्या सॉल्व्हरच्या, म्हणजे समीकरणे सोडवणाऱ्या प्रोग्रामच्या, बाजूने मिळालेला पुरावा आहे. तो आकडा टाकून देऊ नका, दर टाइम स्टेपला नोंदवत राहा. तो शून्यापासून सरकू लागला तर शरीराचे स्थान आणि वेग यांच्या अद्ययावतीकरणात कोठेतरी संवेग गळतो आहे असे समजावे.

यातूनच एक सोपा मार्ग निघतो, जो फार थोडे लोक वापरतात. एकसमान घनतेच्या शरीराचा एकूण संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वस्तुमानकेंद्राचा वेग, मग शरीर कसेही वाकलेले असो. म्हणून मोकळ्या पोहणाऱ्या शरीरावरचे एकूण द्रवबल हे वस्तुमान गुणिले वस्तुमानकेंद्राचे त्वरण इतकेच असते आणि त्यासाठी पृष्ठभागावर एकही समाकल काढावा लागत नाही. पृष्ठभागावरचे समाकलन या आकड्याशी जुळते का, ही पहिली कसोटी. जुळत नसेल तर चूक समाकलनात आहे, प्रवाहात नाही. शरीराची घनता वेगळी असेल तर लादलेल्या बलाची बेरीज शून्य येणार नाही, ती घनतेच्या फरकाच्या प्रमाणात येईल. शरीर प्रवाहात जागीच धरून ठेवलेले असेल तर आतल्या पाण्याच्या संवेगाचा बदल एका पूर्ण आवर्तनात शून्य होतो, म्हणून सरासरी बल दोन्ही मार्गांनी सारखे येते आणि क्षणोक्षणीचे मात्र वेगळे. आणि बल केवळ पृष्ठभागाच्या कवचावर लादून आतले पाणी मोकळे ठेवले असेल, तर ते पाणी आत डुचमळते. त्याचा संवेग पेशीनिहाय बेरजेने काढावा लागतो, वस्तुमानकेंद्राच्या वेगावरून तो मिळत नाही.

येथे लाटेच्या व्याख्येबद्दल थोडे बोलणे भाग आहे, कारण पुढचे पुष्कळ दोष तेथून येतात. मध्यरेषेचे स्थानांतर शरीराच्या लांबीवरून मोजलेल्या अंतराचे फलन म्हणून द्यावे, आडव्या अक्षावरील अंतराचे नव्हे. आडव्या अक्षावर दिले तर प्रत्येक लाटेबरोबर शरीर ताणले आणि आखडले जाते. मध्यरेषेची लांबी कायम ठेवून जाडी दोन्ही बाजूंना समान आणि मध्यरेषेला लंब दिली, तर द्विमितीय क्षेत्रफळ आपोआप कायम राहते. हे महत्त्वाचे आहे, कारण असंपीड्य, म्हणजे दाबून आकसत नसलेल्या, पाण्यात शरीराचे क्षेत्रफळ क्षणभरही बदलले तर दाबाचे समीकरण तो फरक सगळ्या प्रवाहक्षेत्रावर पसरवते आणि दाबाची पातळी उसळ्या घेते. दुसरे असे की ठरवून दिलेल्या विकृतीने, म्हणजे आकाराच्या बदलाने, शरीराला स्वतःहून रेषीय किंवा कोनीय संवेग मिळता कामा नये. सूत्रातून आलेल्या विकृतिवेगातून वस्तुमानकेंद्राचा वेग आणि सरासरी परिवलन वजा करावे. डोक्याचे खरे डोलणे मग प्रवाहाच्या उत्तरातून आपसूक मिळते.

आता गोंगाट. टाइम स्टेप लहान केल्यावर वाढणारा आणि ग्रिड बारीक केल्यावर घटणारा गोंगाट हा या पद्धतींचा ओळखीचा दोष आहे. जंग-ही सिओ आणि रजत मित्तल यांनी २०११ मध्ये त्याचे कारण नीट उलगडले. शरीर सरकताना काही पेशी पाण्यातून शरीरात जातात, काही शरीरातून पाण्यात येतात. हा बदल हळूहळू होत नाही, एका टाइम स्टेपमध्ये होतो. त्या क्षणी शरीराच्या कडेजवळ वस्तुमान काटेकोरपणे राखले जात नाही, आणि असंपीड्य प्रवाहात वस्तुमानाची तूट भरून काढण्याचे काम दाबालाच करावे लागते. वेगातली जी उडी एका टाइम स्टेपमध्ये घ्यावी लागते ती टाइम स्टेपने भागली जाते, म्हणून टाइम स्टेप जितकी लहान तितका दाबाचा काटा उंच. माझ्या स्वतःच्या पहिल्या कोडमध्ये मी हा काटा अस्थिरतेचे लक्षण समजलो आणि टाइम स्टेप कमी करत गेलो. दर वेळी आलेख अधिक वाईट होत गेला आणि कित्येक आठवडे मी दाबाच्या सॉल्व्हरमध्ये नसलेली चूक शोधत राहिलो. म्हणून आधी एक साधी परीक्षा घ्यावी: ग्रिड तीच ठेवून दोन टाइम स्टेप, मग टाइम स्टेप तीच ठेवून दोन ग्रिड. पहिल्यात वाढणारा आणि दुसऱ्यात घटणारा संकेत भौतिक नसतो.

यावर उपाय दोन दिशांचे आहेत. शरीराची कडा दोन-तीन पेशींवर मऊ पसरवणे, म्हणजे पेस्किन यांच्या पद्धतीतल्यासारखे गुळगुळीत भारण फलन वापरणे किंवा पेशीच्या झाकलेल्या अंशाच्या प्रमाणात बल लादणे, हा पहिला. तो सोपा आहे, मात्र कडेची अचूकता थोडी खर्ची पडते. कडेवरच्या पेशी खरोखर कापून त्यांच्या तुकड्यांत वस्तुमान राखणे हा दुसरा. तो अचूक आहे आणि वाकणाऱ्या पातळ शेपटीसाठी लिहायला फार कष्टाचा आहे. आपल्यासारख्या ठरवून दिलेल्या लाटेच्या कामासाठी मी पहिला निवडेन. आलेख नंतर फिल्टरमधून काढून गुळगुळीत करण्याला माझा विरोध आहे असे नाही, पण बल फिल्टर केले आणि शक्ती कच्च्या दाबावरून काढली, असे कधीही होऊ देऊ नये.

कडा मऊ केली की नवा प्रश्न उभा राहतो: पृष्ठभागावरचा दाब वाचायचा कोठे? कडेच्या पसरलेल्या थरात दाब आतल्या काल्पनिक पाण्याच्या दाबात मिसळलेला असतो, तेथे वाचलेला आकडा निरर्थक आहे. म्हणून पृष्ठभागापासून साधारण दोन पेशी बाहेर जाऊन दाब आणि वेगाचे उतार वाचतात. त्यावर बहुतेक जण थांबतात, आणि दाबाच्या बाबतीत तेथे थांबणे महागात पडते. हलणाऱ्या भिंतीजवळ दाब भिंतीला लंब दिशेने बदलतो. त्याचा उतार मुख्यतः पाण्याची घनता गुणिले भिंतीचे लंब दिशेतील त्वरण इतका असतो, चिन्ह उलटे. हा उतार किती मोठा असतो ते एका प्रसिद्ध उदाहरणावर पाहू. स्टेफान केर्न आणि पेट्रोस कूमुत्साकोस यांनी २००६ मध्ये वापरलेल्या ईलच्या लाटेत शेपटीच्या टोकाचा आयाम, म्हणजे मधल्या स्थितीपासूनचे कमाल अंतर, लांबीच्या ०.१२५ पट आहे. लांबी १ आणि आवर्तनकाल १ धरला तर टोकाचे कमाल त्वरण ०.१२५ गुणिले ३९.५ (४ गुणिले π चा वर्ग), म्हणजे सुमारे ४.९ येते. ग्रिडची पेशी ०.००५ असेल तर दोन पेशींच्या अंतरावर, घनता १ धरून, दाबातला फरक सुमारे ०.०४९ होतो. द्विमितीत हे शरीर सुमारे ०.५४ वेगाने पोहते, म्हणून त्याचा गतिज दाब, म्हणजे घनता गुणिले वेगाच्या वर्गाचा निम्मा, ०.१४६ आहे. म्हणजे त्वरणाची दुरुस्ती न केल्यास शेपटीवर गतिज दाबाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी चूक होते, आणि रेटा मुख्यतः शेपटीवरच निर्माण होतो. शेपटीच्या दोन्ही अंगांवर ही चूक एकमेकींना नाहीशी करत नाही. एका बाजूला ती वाढ आणि दुसऱ्या बाजूला घट असल्यामुळे दाबाच्या फरकात दुप्पट होते. दुरुस्ती मात्र एका ओळीची आहे, कारण भिंतीचे त्वरण आपल्याला आधीच माहीत असते.

घर्षणाचा प्रश्न वेगळा आहे, तो ग्रिडच्या बारकाईचा आहे. याच उदाहरणात श्यानता, म्हणजे पाण्याचा चिकटपणा, ०.०००१४ असल्याने रेनॉल्ड्स संख्या, म्हणजे जडत्व आणि श्यानता यांच्या प्रभावांचे गुणोत्तर, सुमारे ३८५७ येते. सपाट पट्टीच्या नियमाने शेपटीजवळ सीमास्तराची, म्हणजे पृष्ठभागालगतच्या घर्षणाने मंदावलेल्या पाण्याच्या थराची, जाडी लांबीच्या ०.०८ पट, म्हणजे ०.००५ च्या सोळा पेशी, आणि हे पुरेसे आहे. पण डोक्यापासून ०.०५ अंतरावर ती केवळ ०.०१८, म्हणजे जेमतेम साडेतीन पेशी उरते, आणि आपण दोन पेशी बाहेर जाऊन वाचतो आहोत. शिवाय शरीर आडवे हलताना ज्या बाजूने पाण्याला रेटते त्या बाजूचा सीमास्तर आणखी पातळ होतो. क्वेंटिन बोन आणि जेम्स लाइटहिल यांच्या नावाने ही कल्पना ओळखली जाते. म्हणून ग्रिड बारीक करत जाताना दाबाचा हिस्सा आधी स्थिरावतो, घर्षणाचा शेवटी, आणि त्यातही डोक्याचा सर्वांत शेवटी. दोन्हींची अभिसारिता, म्हणजे हे स्थिरावणे, वेगवेगळी दाखवावी. एकूण बलाच्या आलेखात हा दोष लपतो. पृष्ठभागावरचे प्रतिबल, म्हणजे एकक क्षेत्रफळावरचे बल, बिंदूबिंदूवर हवे असेल तर आणखी जपावे लागते, कारण पसरवलेल्या बलातून स्थानिक प्रतिबल उलगडणे हे गणिती दृष्ट्या नाजूक प्रकारचे समीकरण आहे, त्यात बारीक चुकीनेही उत्तर खूप बदलते. त्यातून बेरीज चांगली येते आणि बिंदूवरचे आकडे दातेरी येतात.

आता आपल्या मूळ हेतूकडे, म्हणजे रेटा आणि ओढ वेगळे करण्याकडे. येथे मला स्पष्ट सांगावे लागेल की स्थिर वेगाने पोहणाऱ्या शरीरासाठी ही विभागणी प्रवाहाच्या समीकरणांतून एकमेवपणे निघत नाही. स्थिर वेगाचा अर्थच असा की एका आवर्तनातले सरासरी बल शून्य आहे. होडीत वल्हे वेगळे आणि होडीचे अंग वेगळे, म्हणून तेथे विभागणीला अर्थ आहे. ईलचे सारे शरीरच वल्हेही आहे आणि अंगही. विल्यम शुल्ट्झ आणि पॉल वेब यांनी २००२ मध्ये हा मुद्दा नीट मांडला होता, तरी आजही अनेक लेखांत दाबाचे बल म्हणजे रेटा आणि घर्षण म्हणजे ओढ, असे सरसकट धरलेले आढळते. हे चूक आहे. दाबाच्या बलात ओढीचाही भाग असतो. पृष्ठभागाच्या प्रत्येक तुकड्यावरचे बल पुढे ढकलते की मागे खेचते, यानुसार चिन्हावरून दोन ढीग करण्याची रीत मला चालते, कारण ती निदान नेमकी आहे. पण ती व्याख्या आहे, मोजमाप नव्हे, आणि लेखात तसे लिहिले पाहिजे. ताठ शरीराची ओढ घेऊन हिशेब करण्याचा धोका किती, हे जेम्स ग्रे यांच्या १९३६ च्या विरोधाभासावरून दिसते: डॉल्फिनला ताठ वस्तू मानून काढलेली शक्ती तिच्या स्नायूंच्या अंदाजित शक्तीच्या सुमारे सातपट आली, आणि त्या आकड्याने पुढची कित्येक दशके संशोधकांना कामाला लावले.

लाइटहिल यांच्या लांबट शरीराच्या सिद्धांताशी तुलना करण्याचा मोह होत असेल तर एक अडचण लक्षात घ्या. त्यातले अॅडेड मास, म्हणजे शरीराबरोबर हलणाऱ्या पाण्याचे वस्तुमान, शेपटीच्या उंचीच्या वर्गावर अवलंबून असते. द्विमितीय गणनेत शेपटीला उंचीच नाही. तेथे थिओडोर वू यांचा १९६१ चा लहरणाऱ्या पट्टीचा सिद्धांत अधिक जवळचा. द्विमिती आणि त्रिमिती यांतला फरकही किरकोळ नाही. केर्न आणि कूमुत्साकोस यांच्या त्रिमितीय ईलचा वेग सुमारे ०.४० आहे, ०.५४ नव्हे.

म्हणून मी आपल्याला सुचवेन की विभागणीवर आधारलेल्या कार्यक्षमतेऐवजी पोहण्याचा वेग, खर्च झालेली शक्ती आणि एकक अंतरामागची ऊर्जा द्यावी. शक्ती ही संदिग्ध राशी नाही: पृष्ठभागावरचे प्रतिबल आणि पृष्ठभागाचा वेग यांच्या गुणाकाराचे समाकलन, चिन्ह उलटे. त्यात केवळ विकृतीचा वेग न घेता पूर्ण वेग घेतला की शरीराने पाण्याला दिलेली क्षणिक शक्ती मिळते. एका आवर्तनाच्या सरासरीत दोन्ही जवळपास सारखे येतात. या शक्तीची पडताळणी पृष्ठभागाला हातही न लावता करता येते, आणि मला ही कसोटी सर्वांत प्रिय आहे. दिलेली शक्ती ही पाण्याच्या गतिज ऊर्जेच्या वाढीचा दर अधिक श्यानतेमुळे उष्णतेत जाणारी शक्ती इतकी असली पाहिजे, आणि हे दोन्ही आकडे संपूर्ण क्षेत्रावरच्या बेरजेने मिळतात. डावी बाजू कडेवरच्या काही शंभर बिंदूंवर अवलंबून, उजवी साऱ्या प्रवाहावर. दोहोंत तफावत असेल आणि ग्रिड बारीक केल्यावर ती आटत असेल तर ती ग्रिडने खाल्लेली ऊर्जा समजावी. आटत नसेल तर पृष्ठभागावरचे वाचन चुकले आहे, आणि बहुधा वर सांगितलेली त्वरणाची दुरुस्ती राहिलेली आहे.

आपण पुढे शरीराला खरी लवचीकता देण्याचा, म्हणजे लाट ठरवून न देता ती प्रत्यास्थता आणि पाणी यांतून उमटू देण्याचा विचार करत असाल तर एक इशारा आवश्यक आहे. पाणी आणि शरीर यांचे सॉल्व्हर आळीपाळीने एकेकदा चालवण्याची रीत हवेत फडफडणाऱ्या धातूच्या पट्टीला चालते. पाण्याइतक्या घनतेच्या बारीक शरीराला ती चालत नाही. तेथे अॅडेड मास शरीराच्या स्वतःच्या वस्तुमानापेक्षा मोठे होते. पाओला कौसिन, ज्याँ-फ्रेडरिक जर्बो आणि फाबियो नोबिले यांनी २००५ मध्ये दाखवले की अशी जोडणी टाइम स्टेप कितीही लहान केली तरी अस्थिरच राहते. प्रत्येक टाइम स्टेपच्या आत दोन्ही सॉल्व्हर पुन्हा पुन्हा चालवून उत्तर स्थिरावू द्यावे आणि त्यासाठी आइटकेनची बदलती शिथिलता वापरावी, म्हणजे प्रत्येक फेरीत उत्तर किती सरकवायचे ते आधीच्या फेऱ्यांवरून ठरवावे. याची परीक्षा स्टेफान टुरेक आणि यारोस्लाव ह्रोन यांच्या २००६ च्या कसोटीवर घ्यावी: सिलिंडरच्या मागे बांधलेली प्रत्यास्थ पट्टी, आणि तिच्या तीन प्रकारांपैकी तिसरा, कारण त्यात घनता समान आहे. तेथे पट्टीच्या टोकाचा प्रवाहाला लंब दिशेतला आयाम ०.०३४ च्या आसपास, वारंवारता सुमारे ५.३ आणि सिलिंडरसह पट्टीवरची ओढ ४५७ च्या आसपास यायला हवी. दुसऱ्या प्रकारात घनतेचे गुणोत्तर १० आहे. तो सुटला म्हणजे जोडणी बरोबर आहे असे मानू नये.

आपल्या सध्याच्या कोडमध्ये मी कामे या क्रमाने करेन. आधी रेनॉल्ड्स संख्या १०० आणि क्युलेगन-कार्पेंटर संख्या (व्यासाच्या तुलनेत हलण्याचा पल्ला सांगणारी) ५ असलेला, स्थिर पाण्यात मागेपुढे हलणारा सिलिंडर घ्या. त्यासाठी ड्युच आणि सहकाऱ्यांची १९९८ ची मोजमापे उपलब्ध आहेत, आणि आतल्या पाण्याचा हिस्सा गळला असेल तर तो तेथेच उघडा पडतो. मग आपल्या ईलवर वस्तुमान गुणिले त्वरण आणि पृष्ठभागाचे समाकलन एकाच आलेखावर काढा. त्यानंतर ऊर्जेचा ताळा. हे तिन्ही जुळल्यावर जो हेलकावणारा आलेख उरेल तो आपल्या माशाचा आहे आणि त्यावरून निष्कर्ष काढायला हरकत नाही.